घरोघरी नवजात बालसेवा : पुराव्यापासून धोरणापर्यंत

आरोग्यविषयक धोरण केवळ एका शासननिर्णयाने जन्माला येत नाही. पुरावा, त्याची फेरतपासणी आणि अंमलबजावणीसाठी लागणारी यंत्रणा या तिन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात. गडचिरोली जिल्ह्यात विकसित झालेली घरोघरी नवजात बालसेवा हे त्याचे बोलके उदाहरण होय.

आजारी नवजात बालकावर रुग्णालयातच उपचार व्हावेत, असा १९९० च्या दशकात वैद्यकशास्त्राचा दंडक होता. मात्र गडचिरोलीच्या खेड्यांत बहुतेक बाळंतपणे घरीच होत आणि आजारी बाळ रुग्णालयापर्यंत क्वचितच पोहोचे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. बाळाला ऊब देणे, स्तनपानास मदत करणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. तुलनेसाठी अन्य ४७ गावांतील नोंदी ठेवण्यात आल्या. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट दिसून आली. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

एका संस्थेच्या काटेकोर देखरेखीखाली जे साधले, ते सरकारी यंत्रणेत साधेल काय, ही शंका रास्त होती. त्यामुळे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच राज्यांत या पद्धतीची चाचणी घेतली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी 'आशा' कार्यकर्ती नेमण्यास सुरुवात झाली आणि पुराव्याला वाहक मिळाला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. अखेर २०११ मध्ये केंद्र सरकारने देशव्यापी मार्गदर्शक सूचना काढल्या. शोधनिबंध आणि धोरण यांत जवळपास बारा वर्षांचे अंतर पडले.

या प्रवासात मूळ पद्धतीत बदलही झाले. 'आशा'कडे इंजेक्शन देण्याचे काम सोपवण्यात आले नाही. धोक्याची लक्षणे ओळखून बाळाला पुढे पाठवणे, ही तिची जबाबदारी राहिली. २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याची परवानगी परिचारिका-प्रसाविकांना, म्हणजेच एएनएमना, मिळाली. रुग्णालयातील बाळंतपणे वाढल्यावर, तेथून घरी परतलेल्या बाळांसाठी ४२ दिवसांत सहा गृहभेटी ठरवण्यात आल्या.

म्हणजेच जे तपासले गेले आणि जे अमलात आले, ते तंतोतंत एकच नव्हे. गडचिरोलीतील ६२ टक्क्यांचा आकडा म्हणूनच देशव्यापी योजनेच्या यशाचा दाखला ठरू शकत नाही. धोरण लागू झाल्यावरही मोजमाप सुरू ठेवावे लागते, हाच या अनुभवाचा धडा आहे.