‘ध’चा ‘मा’ खरोखर झाला का?

घरातल्या मुलाने शुद्धलेखनात एखादे अक्षर चुकवले की वडीलधारी माणसे हसून म्हणतात, “अरे, ‘ध’चा ‘मा’ केलास की!” या थट्टेच्या तळाशी अठरा वर्षांच्या एका पोराचा खून आहे, हे त्या क्षणी कुणाच्या ध्यानी येत नाही. बोलण्यातली अशी नाणी आपण न वाजवताच खर्च करतो. आज हे एक नाणे वाजवून पाहू.

हकीकत सर्वांना ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना ठार मारले. राघोबादादांनी पुतण्याला ‘धरावे’ असे लिहून दिले होते. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले, असे म्हणतात.

आता अक्षरश: पाहू. तेव्हाचा व्यवहार मोडीत चाले. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली, शब्दांत जागा न सोडता, टाक शक्यतो न उचलता लिहीत जायचे. तिथे ‘ध’ नुसता खोडून भागत नाही. ‘म’ला काना हवा, आणि कान्याला जागा हवी. हे अशक्य नाही, पण म्हणीत वाटते तितके सोपेही नाही. शिवाय तो कागद आज कुणी पुढे ठेवू शकत नाही. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात ग्रँट डफने ही गोष्ट दिली आहे. रामशास्त्री प्रभुण्यांना तो कागद सापडला, असे तो सांगतो. पण बदल आनंदीबाईंनी केला, ही सर्वांची समजूत आहे, एवढेच म्हणतो. समजूत म्हणजे पुरावा नव्हे.

खुद्द रामशास्त्र्यांनी चौकशी करून काय केले? राघोबादादांना तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. न्यायाधीशाने शिक्षा सांगितली नवऱ्याला. लोकांच्या तोंडी दोष राहिला बायकोचा!

आणि ‘धरावे’ हा शब्द तरी कुठे निरपराध होता? पगारासाठी खवळलेल्या हत्यारबंद शिपायांना राजवाड्यात घुसवून गादीवरच्या पेशव्याला धरायला सांगायचे, आणि त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही असे मानायचे? नारायणराव तर आपण होऊन काकांच्या गळ्यात पडले होते. धरायचेच असते, तर ते हाती आलेलेच होते. त्या क्षणी दादांनी रदबदली केली, असेही डफ लिहितो. पण सुमेरसिंग गारदी ऐकेना. इतक्या थराला आल्यावर पेशवा जिवंत सोडणे म्हणजे आपलेच मरण, हे तो जाणून होता. धन्याचा हुकूम काहीही असो, तलवार आता चाकराच्या मर्जीने चालणार होती.

म्हणजे म्हण खोटी म्हणावी काय? अक्षरश: ती सिद्ध होत नाही. पण तिच्यात एक निराळे सत्य आहे. ‘ध’चा ‘मा’ करायला दर वेळी लेखणी लागत नाही. गारदी आत घेतले की तो आपोआप होतो. मग दोष द्यायला एखादी आनंदीबाई शोधणे तेवढे उरते.