दोन थैल्यांचा हिशेब: वॉर्ड, टिळक आणि लक्ष्मीबाई

  ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर.

आजचा प्रश्न साधा आहे. आपल्याकडे कमी असेल तर मोठं काही करायची इच्छा धरावी का? घरी पाच एकर कोरडवाहू, चर्चमध्ये तीस-चाळीस माणसं, इंग्रजी अडखळत. अशा वेळी एक जण म्हणतो, "देवावर विश्वास ठेव, पॅकेज मिळेल." दुसरा म्हणतो, "काहून एवढी धावपळ? आहे त्यात समाधान मान." मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. त्यामुळे आज उपदेश बाजूला ठेवून इतिहास बघू. सुरुवात आपल्याच भागातून करू.

अर्नेस्ट वॉर्ड आणि त्यांची पत्नी फीबी हे अमेरिकन जोडपं १८८१ च्या सुरुवातीला भारतात आलं. वऱ्हाड आणि बऱ्हाणपूरच्या पट्ट्यात त्यांनी काम सुरू केलं. सुरुवातीला त्यांच्यामागे कुठल्या मोठ्या संस्थेचा पगार नव्हता. पुढे ते फ्री मेथडिस्ट मिशनचे झाले. यवतमाळ-उमरीकडच्या मंडळींना हे नाव माहीत असेल, कारण यवतमाळ हे त्या मिशनचं मोठं केंद्र बनलं. पुढे १९५३ साली त्याच यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. पण वॉर्ड यांचं नाव आज आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? त्यांनी केलेल्या कामांपैकी एक काम तर फक्त एका रेल्वे प्रवासाएवढं होतं.

साल १८९३. नारायण वामन टिळक राजनांदगावला चालले होते. संस्कृतचे जाणकार, कवी माणूस. त्याआधी नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला राहून त्यांनी धर्मग्रंथांचं काम केलेलं. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. त्यानं वाद घातला नाही. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, मग धर्मावर. उतरण्याआधी त्यानं टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि म्हणाला, हे मनापासून वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते तेव्हा विचित्रच वाटलं असणार. पण पुस्तक उघडलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर ते त्यांच्याच्यानं खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड, असं पुढे अभ्यासकांनी सांगितलं.

वॉर्ड यांच्याकडे त्या दिवशी काय होतं? एक पुस्तक, थोडा वेळ आणि समोरच्या माणसाबद्दल आदर. बस्स. आजच्या भाषेत सांगायचं तर त्या भेटीचा 'रीच' होता एक.

आता गोष्टीतल्या खऱ्या नायिकेकडे येऊ. लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८, नाशिकजवळचं जलालपूर. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, नवऱ्याच्या मागं लागण्यामुळं. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. मागणारा दिसला की देऊन मोकळे, आणि घर चालवायचं लक्ष्मीबाईंनी. हे आपण गोड करून सांगू नये. टिळकांच्या दानशूरपणाची किंमत बऱ्याचदा त्यांच्या बायकोनं चुकवली. गरिबीत देव भेटतो असं म्हणणारा माणूस कधीकधी दुसऱ्याच्या गरिबीबद्दल बोलत असतो, हे लक्षात ठेवा.

मग नवऱ्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्यावर आभाळ कोसळलं. जवळपास पाच वर्षं दोघं वेगळे राहिले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधारानं दिवस काढत होत्या. पुढे त्या अहमदनगरला नवऱ्याकडे आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळं, स्वयंपाक, पाणी, कुणाच्या हातचं खायचं, यातली एकेक गाठ त्यांनी स्वतः विचार करून सोडवली. मगच १९०० साली बाप्तिस्मा घेतला. कुणाच्या दबावाखाली नाही, आपल्या वेगानं.

टिळकांनी येशूच्या जीवनावर मराठीत एक महाकाव्य लिहायला घेतलं होतं, 'ख्रिस्तायन'. ९ मे १९१९ रोजी ते गेले, तेव्हा दहा-अकरा अध्याय झाले होते. बाकी सगळं कोरं.

आता लक्ष्मीबाईंच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वय पन्नाशीचं. पदवी नाही, शाळासुद्धा नाही. नवरा महाराष्ट्राचा नावाजलेला कवी, आणि त्याचं अपुरं काम समोर पडलेलं. माझ्या फील्डमधल्या लोकांना हे बरोब्बर कळेल. दुसऱ्यानं अर्ध्यावर सोडलेला प्रोजेक्ट हातात आला की पहिला विचार एकच येतो: हे माझं काम नाही. आणि इथं तर तुलना होणार हे नक्की होतं.

त्यांनी ते घेतलं. एक-दोन अध्याय लिहून श्रद्धांजली म्हणून सोडून दिलं नाही. पुढचे ६४ अध्याय लिहिले आणि 'ख्रिस्तायन' पूर्ण केलं. नवऱ्यानं लिहिलं त्याच्या कितीतरी पट जास्त!

आणि एवढ्यावर थांबल्या नाहीत. आपल्या आठवणी लिहिल्या, त्याच 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग १९३४ ला आला. पंडिती मराठी त्यांना येत नव्हती, म्हणून घरात बोलतात तशी मराठी लिहिली. जी उणीव वाटायची तीच त्या पुस्तकाची ताकद ठरली. आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांची यादी 'स्मृतिचित्रे'शिवाय पुरी होत नाही. १९३६ मध्ये त्या गेल्या तेव्हा शेवटचा भाग राहिला होता. तो मुलानं, देवदत्त टिळकांनी, पूर्ण केला. नवऱ्याचं बायकोनं पुरं केलं, आईचं मुलानं.

आता येशूनं सांगितलेला थैल्यांचा दाखला आठवा. मत्तयचा २५ वा अध्याय. धनी प्रवासाला जाताना एका चाकराला पाच थैल्या देतो, एकाला दोन, एकाला एक. आपण संडे स्कूलपासून ऐकतोय, पण एक गोष्ट निसटते. पाचवाला दहा घेऊन येतो, दोनवाला चार घेऊन येतो, आणि धनी दोघांना अगदी तेच शब्द बोलतो. शाबासकीत एका अक्षराचा फरक नाही. रागावतो फक्त त्या तिसऱ्यावर, ज्यानं भीतीपोटी आपली थैली मातीत पुरली.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर काय? महत्त्वाकांक्षा धरावी, बिनधास्त धरावी. ६४ अध्याय लिहायला घेणं ही काही छोटी महत्त्वाकांक्षा नव्हे. फक्त मोजायचं कशाशी, ते बदलायचं. शेजारच्याच्या पाच थैल्यांशी नाही, आपल्या हातातल्या दोनशी. "आहे त्यात समाधान" हे वाक्य कधीकधी थैली पुरण्याचंच दुसरं नाव असतं. आणि "विश्वास ठेव, पॅकेज मिळेल" हेही इथं बसत नाही. लक्ष्मीबाईंना विश्वासूपणाचं बक्षीस म्हणून बंगला मिळाला नाही. मिळालं ते आणखी काम, आणि ते करायची ताकद. दाखल्यातही विश्वासू चाकराला आरामखुर्ची मिळत नाही, मोठी जबाबदारी मिळते.

आपल्या मातीला हे नवीन नाही. शेंडगावचे गाडगेबाबा एक झाडू आणि एक गाडगं घेऊन निघाले आणि त्यांच्यामागे धर्मशाळा, शाळा उभ्या राहिल्या. वाट वेगळी, पण हातात आहे त्यानं सुरुवात करायची रीत तीच.

तर या आठवड्यात एक करा. "मला अमुक मिळालं की सुरू करीन" म्हणून ठेवलेलं एक काम शोधा. चर्चमधल्या पोरांना गणित शिकवणं असेल, आजीच्या आठवणी लिहून घेणं असेल, कुणीतरी अर्धवट सोडलेलं ग्रंथालय असेल. त्याचा पहिला अध्याय लिहा. बाकीचे ६३ नंतर बघू.

भेटू पुढच्या भागात. जय ख्रिस्त!