सतरा सप्टेंबरचा तास

मैदानावर क्रिकेट चालले होते. धावबाद आहे की नाही यावरून भांडण जुंपले आणि आठवीतल्या एका मुलाने दुसऱ्यावर शब्द फेकला : "रझाकार!" ज्याला म्हटले तो परळीतच जन्मलेला. त्याचा आजा इथल्याच रेल्वेत खलाशी होता. हातातली बॅट तिथेच टाकून तो निघून गेला आणि चार दिवस शाळेत आला नाही. बोलणाऱ्याला मी दरडावून विचारले, हा शब्द शिकलास कुठे? तो बिचारा गोंधळून म्हणाला, "सर, तुम्हीच तर काल सांगितलंत."

ते खरे होते. आदल्या दिवशी सतरा सप्टेंबर होता. झेंडावंदनानंतर मी दरवर्षीचेच भाषण केले होते. भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, पण मराठवाडा निजामाच्या संस्थानातच राहिला. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजाम शरण आला. यातले एकही वाक्य खोटे नाही. तरीही त्या भाषणातून मुलाच्या हाती इतिहास गेला नाही, दगड गेला. का, हे मला नीट कळायला पुढची दोन वर्षे लागली.

पहिली उणीव साधी होती. लढा कोणाविरुद्ध, हे मी 'निजाम' आणि 'रझाकार' या दोन शब्दांत आटोपत होतो, आणि मुले तिसरा शब्द मनातल्या मनात भरत होती. तो तिसरा शब्द चुकीचा कसा, हे सांगायला शोएबुल्ला खानसारखा माणूस नाही. हा हैदराबादचा तरुण संपादक, 'इमरोज' हे उर्दू दैनिक चालवणारा. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे तो उघड लिहीत होता आणि त्याच मताच्या सात मुस्लिम गृहस्थांचे निवेदनही त्याने छापले. ऑगस्ट १९४८ मध्ये कचेरीतून घरी परतताना रात्री त्याला रस्त्यात गाठून ठार केले. लिहिणारा हात तोडला. सोबतचा मेहुणाही जबर जखमी झाला. मारणारे रझाकारच होते. फौजा यायला तेव्हा महिनासुद्धा उरला नव्हता. मी हा प्रसंग सांगू लागलो तेव्हा वर्गातली शांतता वेगळी होती. एका मुलीने विचारले, "मग सर, तो आपला की त्यांचा?" प्रश्नच चुकला, हे तिलाच बोलता बोलता उमगले.

दुसरी उणीव अवघड. आमच्याकडची म्हातारी माणसे सगळ्या काळाला एकच नाव देतात : 'अ‍ॅक्शन'. अ‍ॅक्शनच्या आधी, अ‍ॅक्शनमध्ये, अ‍ॅक्शननंतर. शाळेचा धडा मात्र सतरा तारखेच्या संध्याकाळी संपतो. त्यानंतरच्या आठवड्यांत रझाकारांचा सूड म्हणून ज्यांनी रझाकारी केली नव्हती तेही मारले गेले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने वर्षअखेर संस्थानात हिंडून अहवाल दिला. संपूर्ण संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे गेली, असा तिचा अंदाज. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत मोठी झळ बसली. बीडचे नाव त्यानंतरच्या चार जिल्ह्यांत आहे. अंदाज तो अंदाजच, त्यावर वाद आहेत. सरकारने अहवाल प्रसिद्धही केला नाही आणि कित्येक दशके तो कपाटात राहिला. पण त्यात एक नोंद आहे, जी मी फळ्यावर लिहितो : काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांना हिंदूंच्याच हल्ल्यातून वाचवले आणि त्यापायी स्वतःचे जीवही गमावले. मागाचे नाते होते ते.

एका पालकाने मला गाठून विचारले, "गुरुजी, आमच्या लोकांनी सोसलं ते तुम्ही कमी करता का?" त्यांच्या आजोबांचे घर जाळले होते. बैलगाडीत मिळेल ते टाकून कुटुंब हद्द ओलांडून नगर जिल्ह्यात गेले होते. मी म्हटले, तुमच्या आजोबांची गोष्ट तुम्हीच वर्गात येऊन सांगा. ते आले. चांगले तासभर बोलले. जाळणारे कोण होते ते सांगितले, आणि आदल्या रात्री "आज इथं थांबू नका" म्हणून कडी वाजवणारा शेजारी कोण होता तेही सांगितले. तो मुसलमान होता. ही गोष्ट त्यांनी घरात शंभर वेळा ऐकली असणार. पण सांगायची वेळ आली की पहिला अर्धाच भाग बाहेर यायचा, असे त्यांनीच कबूल केले.

तेव्हापासून सप्टेंबरमध्ये मी एकच गृहपाठ देतो. घरातल्या सर्वांत जुन्या माणसाला विचारायचे : त्या साली तुमच्या घरात कोण लपले होते, किंवा तुम्ही कोणाच्या घरात लपला होता? बरीच पाने कोरी येतात. काही घरांत "असले विचारू नकोस" म्हणून दटावतात. पण एका मुलीने लिहून आणले की पणजीने शेजारच्या मोमिनाची दोन लेकरे तीन रात्री बळदात ठेवली, आणि ती खोकू नयेत म्हणून तोंडात गुळाचा खडा दिला. गुळाचा खडा कुठल्याही अहवालात सापडत नाही.

सतरा सप्टेंबरला आणखी एक गोष्ट मी जोडतो. १९३९ मध्ये याच तारखेला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसल्या. तिथून सैबेरियाकडे हाकललेल्यांपैकी सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे कोल्हापूरजवळ वळिवड्याला येऊन राहिली, १९४३ ते १९४८. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. आजही त्यांची नातवंडे तो माळ बघायला येतात. हे सांगताना मी मुद्दाम ऊसतोडीचा विषय काढतो. माझ्या वर्गातली निम्मी मुले दिवाळीनंतर कोयत्यासोबत जातात, कधी कोल्हापूर-सांगलीकडे, कधी कर्नाटकात. तिथे त्यांना "बीडवाले" म्हणून कशा सुरात हाक मारतात, ते त्यांना विचारावे लागत नाही. बाहेरचा म्हणजे काय, ते परळीच्या मुलाला पुस्तकातून शिकायची गरज नसते.

या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ मुळात शिक्षक. आमच्या शेजारी अंबाजोगाईला त्यांनी शाळेत काम केले. मुक्तिदिनाच्या भाषणात मी त्यांना नेता म्हणूनच उभे करत आलो. शिक्षक म्हणून त्यांची आठवण काढायला मला त्या मैदानावरचे भांडण लागले, याची लाज वाटते.

तो मुलगा पाचव्या दिवशी परत आला. वर्गात काही बोलला नाही. गृहपाठाच्या वहीत मात्र त्याने आजाकडून विचारून दोन ओळी लिहिल्या होत्या : अ‍ॅक्शनच्या वेळी आजा सात वर्षांचा होता. परळीतच होता. ज्या घरात लपला त्या घराच्या मालकाचे आडनाव त्याने लिहिले होते, आणि ते आडनाव शब्द फेकणाऱ्या मुलाचे होते. मी वही त्या दुसऱ्या मुलाला वाचायला दिली. त्याने दोनदा वाचली आणि विचारले, "सर, हे आमचंच घर का? वाड्यातलं?" मला माहीत नव्हते. दोघेही मधल्या सुट्टीत बघायला गेले, आणि तिसऱ्या तासाला उशिरा आले.