लाडाचं पाणी

बागकामातलं माझं ज्ञान तुळशीपाशी सुरू होतं आणि कढीलिंबापाशी संपतं. बोईसरला राहून याहून जास्त काही येऊ नये, ही खरं तर लाजेची गोष्ट. इकडे पालघर, तिकडे चिकूवाल्यांचं डहाणू. शेजारी तारापूरला १९६९ पासून अणू फुटतो आहे, आणि ह्यांच्या हातून साधं मातीचं ढेकूळ फुटत नाही, असं आमच्या घरात माझ्यादेखत बोललं जातं.

असं असताना गेल्या श्रावणात खालच्या मजल्यावरचे काका तीन कुंड्या घेऊन दारात उभे राहिले. "तुम्ही वाचणारे आहात," म्हणाले, "बघा काही करता आलं तर. हिची ऑर्किडं आहेत."

काकू जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्या हयातीत काकांनी झाडाला पाणी घातलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आता मात्र सकाळ-संध्याकाळ, न चुकता, तांब्याभर. शिवाय मुळं लोंबकळताना पाहून, "बिचारी उघड्यावर पडलीत" म्हणून त्यांवर काळी माती दाबून बसवलेली. पानं सुरकुतली, तसं काकांनी पाणी वाढवलं.

मी वाचणारा असल्यामुळे कुंडीच्या आधी पुस्तकाला हात लावला. आणि काय सांगू, काकांची चूक अगदी ऐतिहासिक निघाली!

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या श्रीमंतांना ऑर्किडांचं वेड लागलं. उष्ण देशातलं झाड, तेव्हा त्याला उकाडाच हवा, अशी समजूत. म्हणून काचेची घरं बांधली, भट्ट्या पेटवल्या, फटी बुजवल्या. भर मे महिन्यात पाहुण्याला स्वेटर घालून बंद खोलीत बसवावं, तसा तो पाहुणचार. जहाजावर जी मेली नव्हती, ती इथे मेली. १८५० साली जोसेफ हूकर यांनी खासी टेकड्यांतून निळ्या व्हँडाची सात माणसांची ओझी गोळा केली. इंग्लंडला जिवंत पोचली ती मोजकीच. इंग्लंड म्हणजे ऑर्किडांचं स्मशान, असं तिथलेच जाणकार म्हणू लागले. शहाणपण आधीच सुचलं होतं ते चॅट्सवर्थच्या एका माळ्याला, जोसेफ पॅक्स्टनला. त्यानं उष्मा कमी केला आणि हवा खेळती ठेवली. पुढे ह्याच माळ्यानं १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभा केला. खिडकी उघडणारा माणूस कुठल्या कुठे जातो, पाहा.

खरं म्हणजे इतक्या लांब जायचं कारण नव्हतं. आपल्या सह्याद्रीतही झाडांच्या फांद्यांवर ऑर्किडं असतात. आमरी म्हणतात, सीतेची वेणी म्हणतात. फादर सांतापाव आणि कापडिया यांनी १९६६ साली 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' हा त्यांच्यावरचा ग्रंथच लिहिला. तरी बांडगूळ समजून त्यांना ओरबाडणारे पुष्कळ. बांडगूळ झाडाच्या अंगात मुळं खुपसून रस पितं. आमरी नुसती फांदीला धरून असते आणि दव, पाऊस, पालापाचोळा यांवर भागवते. भाडं देत नाही, पण घरमालकाच्या स्वयंपाकघरातही डोकावत नाही. तिच्या मुळांवर स्पंजासारखं पांढरं आवरण असतं. ते पाऊस टिपतं, हिरवट होतं, मग वाऱ्यावर सुकतं. त्याला ओलं आणि कोरडं, दोन्ही हवं. सतत ओलं राहिलं की मूळ कुजतं. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, आणि झाड पाण्यात उभं राहून तहानेनं सुकतं. म्हणजे काकांचं निदान बरोबर होतं. औषध तेवढं उलटं!

काकांच्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरून आम्ही बसलो. माती धुऊन काढली. कात्री गॅसवर तापवून घेतली. मूळ बोटानं दाबायचं. टणक लागलं तर ठेवायचं, पिळपिळीत लागलं तर कापायचं. प्रत्येक कापाला काका म्हणत, "अहो, एवढं राहू द्या ना." एका झाडाला एकही मूळ उरलं नाही, तेव्हा ते गप्पच झाले. कापल्या जागी बुरशी धरू नये म्हणून दालचिनीची पूड लावायची होती. डबा काकूंच्या फडताळात सापडला. वर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. काकांनी तो माझ्या हातात दिला नाही. पूड स्वतःच लावली.

मग विटांचे तुकडे, लोणारी कोळसा आणि धुतलेली नारळाची सोडणं. जागा सावलीची. नवं मूळ दिसेपर्यंत खत बंद. आणि पाणी? कोरडं वाटलं तरच, तेही शिंपडल्यासारखं.

"मग मी सकाळी करू काय?" काकांनी विचारलं.

ह्याचं उत्तर हूकरसाहेबांकडेही नव्हतं. मी म्हटलं, "बोटानं चाचपून बघा. ओलं लागलं तर तांब्या खाली ठेवा, आणि वर आमच्याकडे चहाला या."

बिनमुळाचं झाड गेलं. दुसरं अजून कुंपणावर बसलं आहे. तिसऱ्याला फाल्गुनात हिरव्या टोकाचं एक मूळ फुटलं, तांदळाच्या दाण्याएवढं. ते दाखवायला काकांनी मला आंघोळीतून बाहेर बोलावलं. फुलाचं अजून नाव नाही, पण त्याची घाई कुणालाच नाही.

काका मात्र अजून रोज चहाला येतात. आणि येताजाता आमच्या तुळशीला तांब्याभर पाणी घालतात. ती बिचारी काही बोलत नाही, आम्हीही नाही.