शेंदूर आणि नौकेचें पोट

बंदरांत उभ्या असलेल्या नौकेकडे पाहणाऱ्याची दृष्टि प्रथम तिच्या नाळेकडे व बाहेरील झगझगीत रंगाकडे जाते. परंतु नौकेचें आयुष्य ठरतें तें तिच्या पोटांत. तळाशीं, कण्याच्या दोन्ही अंगांस जो खोलगट अंधारा भाग असतो, त्यास खलाशी ‘बिल्ज’ म्हणतात. झिरपलेलें समुद्राचें पाणी, पावसाचें पाणी, यंत्रांतून ठिबकणारें तेल, हें सारें अखेर तेथेंच जमतें. जेथें उजेड पोंचत नाहीं आणि वारा खेळत नाहीं, तेथें नाशाचें काम निमूटपणें चालू असतें. या नाशाशीं मनुष्यानें दिलेल्या झुंजीचा इतिहास उद्बोधक आहे.

शिडाच्या जहाजांच्या काळीं भय होतें तें कुजण्याचें. इंग्लंडांत ओक लाकडाचीं जहाजें बांधीत. ओकांतील आम्लानें लोखंडी खिळे गंजत आणि दमट तळांत लाकडास बुरशी लागे. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें बांधलेल्या सागवानी जहाजांची ख्याति झाली, तिचें एक कारण हेंच. सागांतील नैसर्गिक तेल लाकूड सहसा कुजूं देत नाहीं व लोखंडालाहि ओकाप्रमाणें बाधत नाहीं. १८१७ सालीं मुंबईस पाण्यांत उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे.

पुढें लोखंडाचा काळ आला. १८४३ सालीं ब्रिस्टल येथें ‘ग्रेट ब्रिटन’ हें प्रचंड लोखंडी जहाज पाण्यांत उतरलें. लोखंडाला वाळवी नाहीं कीं बुरशी नाहीं. पण गंज आहे. त्यावर जो उपाय सर्वत्र रूढ झाला, तो महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. मारुतीच्या मूर्तीला तेलांत कालवून परंपरेनें जो शेंदूर लावीत आले, तो म्हणजे शिसें व प्राणवायु यांचें संयुग. तोच शेंदूर जवसाच्या तेलांत खलला असतां साबणासारखे पदार्थ तयार होतात. ते लोखंडाला चिकटून गंजास आवरून धरतात. अनेक पिढ्या जहाजांचीं पोटें या शेंदरानें माखलीं गेलीं.

परंतु शेंदूर कितीहि उत्तम असो, घाणीवर लावलेला रंग टिकत नाहीं. तेलकटपणावर तो धरत नाहीं. गंजावर धरला तरी गंज आंतून वाढून त्याची साल काढतो. म्हणून प्रथम तळ कोरडा करावयाचा, मग तेल धुवून काढावयाचें, हातोडीनें गंजाचे पापुद्रे पाडावयाचे, तारेच्या कुंचल्यानें घासावयाचें, गोड्या पाण्यानें मीठ धुवावयाचें आणि सारें वाळल्यावर पातळ हात द्यावयाचे. पाणी वाहून जाण्याचीं छिद्रें रंगानें बुजणार नाहींत, हेंहि पाहावयाचें. मिठाची चिकाटी ‘ग्रेट ब्रिटन’वरूनच दिसते. १९७० सालीं तें जहाज फॉकलंड बेटांवरून परत आणलें. त्याच्या लोखंडांत मुरलेल्या क्षारांमुळें गंज थांबेना. तेव्हां आतां तळाभोंवतालची हवा यंत्रांनीं वाळवून तिची सापेक्ष आर्द्रता सुमारें २० टक्क्यांवर ठेवावी लागते.

१८८६ सालीं डाइमलर व मायबाख यांनीं जर्मनींत नेकार नदीवर पेट्रोलच्या यंत्रानें होडी चालविली, आणि या अंधाऱ्या खोलगटांत नवा शत्रु शिरला. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती तळांत उतरून बसते व एक ठिणगी तिला पुरते. १९४० च्या अमेरिकन कायद्यानें पेट्रोलच्या नव्या नौकांच्या तळांत वायुवीजन सक्तीचें केलें. यंत्रघरास पांढरा किंवा फिकट करडा रंग देण्यांतहि हेंच शहाणपण आहे. काळवंडलेल्या तळावर गळणाऱ्या तेलाचा थेंब दिसत नाहीं. पांढऱ्यावर तो लगेच बोलतो.

लोखंडाला तारणारें शिसें मनुष्याला मात्र मारक ठरलें. कोंदट तळांत जुना शेंदूर खरवडतांना त्याची धूळ कामगारांच्या पोटांत व फुफ्फुसांत जाई. इंग्लंडमधील कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक टॉमस लेग यांनीं शिशाच्या विषबाधेचा अभ्यास केला. १९२१ सालीं जिनीव्हा येथें इमारतींच्या आंतील रंगकामांत पांढरें शिसें वापरण्यास बंदी घालणारा करार झाला. तो ब्रिटिश सरकार मान्य करीना, म्हणून लेग यांनीं १९२६ सालीं पदाचा राजीनामा दिला. तो प्रश्न घरांच्या रंगाचा होता. पण विष एकच होतें.

आज शेंदराच्या जागीं दोन भाग मिसळून लावण्याचे इपॉक्सी रंग आले आहेत. तेहि स्वच्छ व कोरडा पृष्ठभागच मागतात, आणि त्यांच्या वाफेसाठीं मोकळी हवा व तोंडावर संरक्षक मुखवटा लागतोच. रंग बदलले, घासणें बदललेलें नाहीं. जें कोणी पाहणार नाहीं, तें काम जो मन लावून करतो, त्याच्यावरच समुद्रांत इतरांचे प्राण विसंबून असतात.