कर्नलाचा धडा

अमेरिकेचे अँड्र्यू बेसेविच व्हिएतनाममध्ये लढले, कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि पुढे बॉस्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले. लष्करी बळाचे वेड राष्ट्राला घातक ठरते, असे त्यांनी २००५ सालच्या ग्रंथात बजावले. इराकच्या युद्धाला त्यांचा विरोध होता. त्याच युद्धात १३ मे २००७ रोजी त्यांचा लेफ्टनंट मुलगा कामी आला. दोघेही आपापले कर्तव्यच करीत होतो, असे बापाने लिहिले: मुलगा सैनिकाचे, आपण नागरिकाचे. अमेरिकेत १९७३ साली सक्तीची सैन्यभरती थांबली. तेव्हापासून युद्धाचे ओझे थोड्या घरांवर आणि बाकीचे राष्ट्र निर्धास्त, हे त्यांचे दुखणे. हुकूम एकाचा आणि घाम दुसऱ्याचा, ही वाटणी आम्हां कामगारांना चांगली ठाऊक आहे. तिथे घामाऐवजी रक्त सांडते, एवढाच फरक.