मेकअपचा खेळ: पुरावा नेमका कशाचा?

माझ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'मेकओव्हरच्या संगणकीय खेळांतून मुली वेशभूषेचा मेकअप शिकल्या.' मार्गदर्शक मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला, 'कशावरून?'

खरं सांगायचं तर मला राग आला. खेळच मेकअपचा, मग मेकअप नाही तर काय शिकणार? पण उत्तर शोधायला बसले आणि सहा महिने गेले. संशोधनाची तयारी करत असाल तर त्यातलं थोडं तुमच्याही उपयोगी पडेल.

आधी मागे गेले. लंडनमध्ये 1810 साली एस. अँड जे. फुलर यांनी 'लिटल फॅनी'ची गोष्ट छापली. तिच्याबरोबर कापलेल्या कागदी आकृत्या होत्या, आणि एकच डोकं वेगवेगळ्या पोशाखांत खोचायचं. पडद्यावरचा 'कपडे बदला' हा प्रकार इथून फार लांब नाही. 1821 मध्ये स्टेसी ग्रिमाल्डी यांचं 'द टॉयलेट' आलं. हे तर गमतीशीर पुस्तक. शृंगाराच्या मेजावरच्या वस्तूंची चित्रं, आणि प्रत्येकावर उचलायची झडप. गालांच्या लालीखाली निघते विनयशीलता, आरशाखाली नम्रता! म्हणजे साधन शृंगाराचं, पण शिकवायचं होतं सद्वर्तन. समोर काय दिसतं आणि शिकवायचं काय आहे, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे मला इथे पहिल्यांदा नीट कळलं.

पुढे 1996 मध्ये मॅटेलचा 'बार्बी फॅशन डिझायनर' आला. पडद्यावर कपडा रचायचा, कापडासारख्या खास कागदावर छापायचा आणि खऱ्या बाहुलीला घालायचा. निदान इथे काम पडद्यातून हातात येत होतं. पुढच्याच वर्षीच्या 'कॉस्मोपॉलिटन व्हर्च्युअल मेकओव्हर'मध्ये स्वतःचा फोटो घालून केस आणि लिपस्टिक बदलून बघता यायचं. त्यात सराव व्हायचा तो निवडीचा. मुलींसाठी वेगळे खेळ असावेत का, यावर तेव्हा अमेरिकेत जोरदार वाद झाला; जस्टिन कॅसेल आणि हेन्री जेंकिन्स यांनी संपादित केलेलं 1998 चं 'फ्रॉम बार्बी टू मॉर्टल कॉम्बॅट' त्यासाठी वाचाच. या वादावर मी इथे थांबत नाही, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

माझा प्रश्न अजून तसाच होता. मग एक प्रयोग केला. शास्त्रीय वगैरे काही नाही, भाचीची फॅन्सी ड्रेस स्पर्धा होती आणि तिला वाघ व्हायचं होतं. प्राण्यांचे चेहरे रंगवायच्या एका जुन्या खेळात मी वाघ चार-पाच वेळा केला, पायऱ्या वहीत उतरवल्या आणि त्याच क्रमाने तिच्या चेहऱ्यावर गेले.

फजिती झाली. खेळात प्रत्येक रंग टिचकी मारताच वाळलेला असतो. इथे केशरी ओला असतानाच मी काळे पट्टे ओढले आणि गालावर चिखल झाला. खेळात एका गालावर पट्टा काढला की दुसऱ्यावर तो आपोआप उमटतो. इथे डावा गाल एकीकडे, उजवा भलतीकडे. शिवाय पडद्यावरचा चेहरा सपाट, समोर बघणारा आणि गप्प. भाची हसली की मिशा वाकड्या. चूक पुसायचं बटण नाही, हे वेगळं सांगायला नको.

पण एक गोष्ट जमली. पांढरा आधी, केशरी नंतर, काळा शेवटी. केशरी नेमका कुठे थांबवायचा. डोळ्यांभोवती पांढरा किती ठेवायचा, हे ठरवताना मी एकदाही अडले नाही. तो आराखडा डोक्यात तयार होता.

रिचर्ड कॉर्सन यांचं 'स्टेज मेकअप' (पहिली आवृत्ती 1942) मी यानंतर पुन्हा उघडलं. रंगभूषेच्या त्या पाठ्यपुस्तकात चेहऱ्याच्या हाडांची ओळख आहे, छाया-प्रकाश आहे, चेहऱ्यांची चित्रं जमवून फाइल करायचा सल्ला आहे, आणि कागदावर आधी मेकअपचा आराखडा काढणंही आहे. मेकओव्हरचा खेळ यातल्या शेवटच्या कामाच्या जवळचा आहे. ब्रश धरणं, स्पंज किती ओला ठेवायचा, हाडाचा उंचवटा बोटांनी चाचपणं, हे त्यात नाहीच.

मग वाक्य बदललं: 'या खेळांत रंगांची निवड, क्रम आणि पूर्ण चेहऱ्याचा आराखडा यांचा सराव करता येतो.' मॅडमनी या वेळी 'करता येतो'खाली रेघ मारली. बरोबरच होतं. खेळात काय करता येतं हे खेळ उघडून सांगता येईल, पण मुलींनी तो सराव केला का, हे खेळ सांगणार नाही. त्यासाठी माणसांकडेच जावं लागतं.

त्यात साधनंही झिजताहेत. ब्राउझरमधले असे पुष्कळ खेळ फ्लॅशवर चालायचे. अडोबीने फ्लॅशचा आधार 31 डिसेंबर 2020 ला थांबवला. फ्लॅशपॉइंटसारख्या प्रकल्पांनी आणि इंटरनेट आर्काइव्हने बरेच खेळ वाचवले, पण ज्यांचा अर्धा भाग कंपनीच्या सर्व्हरवर होता ते पूर्ण परत मिळणं अवघड. म्हणून खेळ उघडला की मी आधी पडद्याचं चित्रण करते. वहीत दोन रकाने आहेत: 'खेळ काय करू देतो' आणि 'कुणी काय केलं'. दुसरा रकाना अजून जवळजवळ रिकामा आहे.

तो भरण्यासाठी आता मुलाखती सुरू करतेय. प्रश्नावलीत आधी 'खेळातून काय शिकलात?' असा प्रश्न होता, तो काढून टाकला. त्यावर समोरचा माणूस चांगलंच काहीतरी सांगतो. त्याऐवजी विचारणार आहे: खेळ सुटल्यावर खरा चेहरा पहिल्यांदा कुणाचा रंगवलात, कशाने, आणि काय बिघडलं?